परतीच्या पावसानंतरचं वादळ: डोंगर, दरी आणि समुद्रासाठी इशारा कसा वाचायचा

दसरा झाला की छत्र्या माळ्यावर जातात आणि दिवाळीच्या सुट्टीचे बेत सुरू होतात. कुणी हरिश्चंद्रगड, कुणी तारकर्ली, कुणाची होडी पुन्हा खोल समुद्रात. कॅलेंडरही साथ देतं: मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर, देशातून १५ ऑक्टोबर. पण अरबी समुद्रात चक्रीवादळांचे हंगाम दोन असतात. एक पावसाळ्याच्या तोंडावर आणि दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबर. निसर्ग (२०२०) आणि तौक्ते (२०२१) ही पहिल्या हंगामातली म्हणून लोकांच्या लक्षात आहेत. फयान (२००९), ओखी (२०१७) आणि क्यार (२०१९) दुसऱ्या हंगामातली.

नवख्यांची चूक बहुधा एकच असते. मोबाइलवर एका शहराचा अंदाज पाहून ते सगळ्या प्रवासाचा निर्णय घेतात. एकच वादळ कड्यावर वीज आणि वारा घेऊन येतं, दरीत पाणी आणि दरड, समुद्रावर लाट. तिन्ही ठिकाणी प्रश्न वेगळे असतात, म्हणून तपासणीही वेगळी करावी लागते.

जवळ काय हवं

- हवामान विभागाचं 'मौसम' ॲप, विजेसाठी 'दामिनी', आपत्ती इशाऱ्यांसाठी 'सचेत'
- समुद्रावर जाणार असाल तर इन्कॉइसचे (समुद्राची माहिती देणारी केंद्र सरकारची संस्था) लाटांचे इशारे आणि त्या बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता
- तिथी दाखवणारं साधं पंचांग (कशासाठी ते पाचव्या पायरीत)
- कागदावर लिहिलेले नंबर: ११२, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३
- होडीसाठी: व्हीएचएफ रेडिओ (चॅनेल १६), प्रत्येकाला लाइफ जॅकेट, दोन नांगर, जादा दोर, कागदपत्रांसाठी जलरोधक पिशवी
- डोंगरासाठी: हेडटॉर्च, कोरड्या कपड्यांचा प्लॅस्टिकमध्ये बांधलेला एक जोड, पॉवर बँक

## १. आधी ओळखा, वादळ कुठल्या जातीचं

या दिवसांत दोन प्रकार भेटतात.

पहिला स्थानिक गडगडाटी पाऊस. हस्त नक्षत्राच्या 'हत्तीच्या पावसा'चा हा स्वभाव चित्रा-स्वातीपर्यंत टिकतो. सकाळ लख्ख, दुपारी ऊन मरणाचं, दोननंतर ढगांचे मनोरे आणि संध्याकाळी तासभर धिंगाणा. पावसाळ्यात ढग समुद्राकडून येतात, आता वरचा वारा पूर्वेचा झालेला असतो. म्हणून देशावर किंवा घाटमाथ्यावर वाढलेलं वादळ उलट्या दिशेनं कोकणात उतरतं. कोकणात राहून पश्चिमेचं निळं आकाश पाहून निर्धास्त झालात तर ते पाठीमागून येतं.

दुसरा प्रकार समुद्रातली प्रणाली. तिची बातमी दोन-चार दिवस आधी लागते. बातमीतले शब्द सैल वाटले तरी प्रत्येकामागे वाऱ्याचा वेग ठरलेला आहे: ताशी ३१ किमीपेक्षा कमी असेल तर कमी दाबाचं क्षेत्र, ३१ ते ४९ डिप्रेशन, ५० ते ६१ डीप डिप्रेशन, ६२ ते ८८ चक्रीवादळ, ८९ ते ११७ तीव्र, ११८ ते १६६ अतितीव्र. त्यावर आणखी एक पायरी, आणि २२२ पासून पुढे सुपर सायक्लोन. नाव मिळतं ते ६२ नंतरच. 'अजून नाव पण नाही मिळालं' म्हणून डिप्रेशन हलक्यात घेऊ नका. लहान होडीसाठी ताशी ५० किमीचा वारा पुरेसा जड असतो, कारण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. ४० चा वारा ६० झाला की जोर दीडपट होत नाही, सव्वादोन पट होतो.

## २. योग्य नावाचा अंदाज उघडा

राजगडला जाताना पुणे शहराचा अंदाज बघू नका. हवामान विभाग घाटमाथ्याचा अंदाज वेगळा देतो: पुणे घाट, सातारा घाट, कोल्हापूर घाट, नाशिक घाट. समुद्रासाठी जिल्ह्याचा अंदाज चालत नाही. त्यासाठी किनारपट्टीचं स्वतंत्र बातमीपत्र असतं. त्यातही उत्तर महाराष्ट्र आणि दक्षिण महाराष्ट्र-गोवा हे भाग वेगळे, आणि ते किनाऱ्यापासून साधारण ७५ किमीपर्यंतच लागू. त्यापलीकडे जाणाऱ्यानं खोल समुद्राचं बातमीपत्र वाचायचं.

वाचताना इथे लोक फसतात:

'तुरळक ठिकाणी' हा शब्द पाऊस किती ठिकाणी पडेल ते सांगतो, किती जोरात ते नाही. 'तुरळक ठिकाणी अतिमुसळधार' म्हणजे पाव भागापेक्षा जास्त ठिकाणी नाही, पण जिथे पडेल तिथे धुऊन काढेल. 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यापर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' पाऊण भागापर्यंत.

दिवस साडेआठला बदलतो. पावसाची नोंद सकाळी ८:३० ते दुसऱ्या दिवशी ८:३० अशी चालते. शनिवारच्या रकान्यातला पाऊस रविवारी पहाटे तुमच्या तंबूवर पडू शकतो.

उपग्रह आणि रडारच्या चित्रावरची वेळ बऱ्याचदा यूटीसी असते. साडेपाच तास मिळवा. नाहीतर ताजं चित्रही सकाळचं वाटतं.

रंग पावसाच्या मिलिमीटरचे नाहीत. पिवळा 'लक्ष ठेवा', नारिंगी 'तयारीत राहा', लाल 'कृती करा'. हे रंग शक्यता आणि परिणाम या दोन्हींवरून ठरतात. पिवळ्यामागे कधी कधी 'शक्यता कमी, पण झालं तर मोठं' असंही असतं. चक्रीवादळाच्या टप्प्यांनाही हेच रंग लावतात आणि तिथे ते वेळेशी बांधलेले आहेत: पिवळा सुमारे ४८ तास आधी, नारिंगी २४ तास आधी, लाल शेवटच्या १२ तासांत. तेव्हा 'आज फक्त पिवळा आहे' याचा अर्थ 'अजून दोन दिवस हातात आहेत' असाही असू शकतो. ते दोन दिवस वापरा.

नकाशावरचा शंकू. वादळाच्या मार्गाभोवती पंखा काढलेला असतो तो केंद्र कुठे असू शकतं ते दाखवतो. वारा-पाऊस तेवढ्यातच राहील, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. २०१९ चं क्यार आपल्या किनाऱ्याला लागलंच नाही, रत्नागिरीपासून पश्चिमेला वळून ओमानच्या दिशेनं गेलं. तरी त्या दिवाळीत सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पाणी घुसलं आणि कापणीला आलेला भात शेतात झोपला.

विंडीसारखी हवामानाची खासगी ॲपं वाईट नाहीत. पण त्यांच्यातलं सर्वांत चांगलं संगणकी प्रारूपसुद्धा जमिनीचे सुमारे ९ किमीचे चौकोन पाडून गणित करतं. त्यात तुमची माची मावत नाही, आणि गडगडाटी ढगातून फुटणारा वाऱ्याचा झोत तर त्याला दिसतच नाही. शिवाय वेग नॉटमध्ये आहे की किमीमध्ये ते बघा. २५ नॉट म्हणजे ताशी ४६ किमी.

## ३. डोंगर: घड्याळ आणि कडा

वेळापत्रक साधं ठेवा. अकरापर्यंत माथा, एकपर्यंत उघडी धार सोडलेली. दुपारी दोन ते सात हा विजेचा पट्टा समजा. निघण्यापूर्वी तीन तासांचा अंदाज, ज्याला नाऊकास्ट म्हणतात, तो पाहा आणि वर नेटवर्क मिळेल तिथे पुन्हा पाहा.

आकाश वाचता येतं. दहा-साडेदहालाच कापसाचे गोळे उभे वाढू लागले, कडा फुलकोबीसारख्या रेखीव दिसू लागल्या, तर दिवस लवकर बिघडणार. माथा पसरून ऐरणीसारखा सपाट झाला की ढग पिकला. मग अचानक थंड वाऱ्याची झुळूक आली तर ती सुखाची समजू नका. ती वादळातून कोसळलेली हवा असते आणि पाऊस काही मिनिटांवर असतो.

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीननं भागा: तेवढे किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर उघड्यावर थांबायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं हलायचं नाही. पाऊस थांबल्यावर लगेच फोटोला बाहेर पडणारे याच अर्ध्या तासात सापडतात.

लोखंडापासून लांब राहा. कळसूबाईच्या (१६४६ मी.) वाटेवर शिड्या आणि साखळ्या आहेत. ढग जमले असताना त्या मार्गावर रांगेत अडकणं ही सर्वांत वाईट जागा. ध्वजस्तंभ, एकटं झाड, मंदिराचा उघडा चौथरा टाळा. गुहा मिळाली तर तोंडाशी उभं राहू नका, आत जा आणि भिंतीला टेकू नका. काहीच मिळालं नाही तर धारेवरून खाली उतरा, एकमेकांत पंधरा-वीस मीटर अंतर ठेवा, पाय जुळवून सॅकवर उकिडवे बसा.

आता एक गोष्ट जी अनुभवी भटकेही विसरतात. पावसाळ्यात कोकणकड्यावर वारा खालून वर येतो. कड्याकडे तोंड करून उभं राहिलात तर तो तुम्हाला मागे, पठारावर ढकलतो. ऑक्टोबरनंतर वारा पूर्वेचा. तो पाठीवर येतो आणि दरीकडे लोटतो. समुद्रात दक्षिणेला एखादी प्रणाली असली की हाच वारा आणखी जोर धरतो. जुलैमध्ये ज्या जागी निर्धास्त बसला होता, तिथे नोव्हेंबरमध्ये कड्यापासून चार पावलं मागे, बसून किंवा पालथं पडूनच डोकवा. तंबूचं दार पश्चिमेला ठेवा, पण तंबू कड्याजवळ नको.

भिजलेला माणूस वाऱ्यात १५ अंशांवरही गारठतो. बोलणं अडखळू लागलं, बोटांना गाठ सुटेना, तर आधी ओले कपडे काढा, मग चहा.

## ४. दरी: पाणी तुमच्या डोक्यावर पडत नाही

दरीतला पाऊस दरीत पडलेला नसतो. सांदण दरीत उभं राहून वर निळ्या आकाशाची पट्टी दिसते, आणि साम्रदच्या बाजूच्या पठारावर ढग फुटलेला असू शकतो. म्हणून सांदणसाठी तुम्ही उतरणार त्या कोकणाकडच्या बाजूचा नाही, तर अकोले तालुक्याचा अंदाज बघायचा. नियम सगळीकडे हाच: ओढा जिथून येतो तिथलं हवामान पाहा. त्या भागात गडगडाटाचा कुठल्याही रंगाचा इशारा असेल तर अरुंद नाळेत उतरू नका. तिथे बाजूला चढायला जागाच नसते.

पाणी वाढण्याआधी खुणा देतं. स्वच्छ पाणी गढूळ होतं, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येतात, वरून दगड घरंगळल्यासारखा घुमणारा आवाज येतो. यातलं एक दिसलं की सामान सोडा आणि उंच जागा धरा. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडायचं नाही. दोर बांधून तर मुळीच नाही, पडलेला माणूस दोरालाच अडकून पाण्याखाली दाबला जातो.

ऑक्टोबरात आणखी दोन गोष्टी पावसाळ्यापेक्षा वाईट असतात. जमीन चार महिने पिऊन तुडुंब झालेली असते, त्यामुळे जूनमधले १०० मिमी मुरतात आणि आताचे १०० मिमी थेट वाहतात. आणि धरणं काठोकाठ भरलेली असतात. साठवायला जागा नसली की दरवाजे लगेच उघडतात. धरणाखालच्या नदीपात्रात तंबू ठोकू नका, भोंगा वाजला तर कारण शोधत बसू नका.

घाटरस्ता: वरंधा, ताम्हिणी, आंबोली, कुंभार्ली, कुठलाही असो, इशारा असताना रात्री नको. रस्त्यावर ताजे बारीक दगड, डोंगराच्या भिंतीतून अचानक गढूळ झरा, तिरकं झालेलं झाड, डांबराला नवी भेग या दरडीच्या आधीच्या खुणा. पाऊस थांबल्यावरही काही तास दरड येते, कारण मुरलेलं पाणी नंतर काम करतं. मोरीवरून किंवा साकवावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी उचलतं. आणि पाण्याखाली साकव अजून आहे की नाही हे वरून दिसत नाही.

नोव्हेंबरात पाऊस उघडून रात्र निरभ्र झाली की पहाटे खोऱ्यात दाट धुकं बसतं. आठ-नऊनंतर निघा, एवढंच.

## ५. समुद्र: बावटा, लाट आणि तिथी

बावटा. बंदरावरच्या इशाऱ्यांचे नंबर चढत्या क्रमाचे नाहीत, ते गटांचे आहेत. १ आणि २ दूरच्या समुद्रातल्या प्रणालीसाठी: बंदराला धोका नाही, पण बाहेर पडणाऱ्याला आहे. ३ आणि ४ खुद्द बंदरासाठी. ५, ६, ७ धोका, ८, ९, १० महाधोका, आणि ११ म्हणजे इशारा देणाऱ्या केंद्राशी संपर्कच तुटला. 'एक नंबरच आहे, जाऊन येऊ' हा गैरसमज जीवघेणा आहे. एक नंबर बाहेर जाणाऱ्यासाठीच लावलेला असतो. ५ आणि ८ मध्ये वादळ बंदराला आपल्या डावीकडे ठेवून जातं, ६ आणि ९ मध्ये उजवीकडे, ७ आणि १० मध्ये थेट अंगावर. आपल्या गोलार्धात वाटचालीच्या उजव्या बाजूला वारा जास्त असतो.

परतीचं गणित. बातमीपत्रात 'वारा ताशी ४५ ते ५५, झोत ६५ किमीपर्यंत' हे वाक्य दिसलं की समुद्रात जायचं नाही. आधीच बाहेर असाल तर मैल भागिले वेग करा, आणि खवळलेल्या समुद्रात वेग निम्मा धरा. ७० सागरी मैलांवर, ७ नॉटच्या बोटीला शांत समुद्रात १० तास लागतात, खराब समुद्रात २०. फयान डिप्रेशन झाल्यापासून ११ नोव्हेंबर २००९ ला अलिबाग-मुंबईदरम्यान किनाऱ्याला लागेपर्यंत जेमतेम दोन दिवस गेले. आठ-दहा दिवसांच्या फेरीवर असलेल्या तांडेलानं (होडीच्या प्रमुखानं) त्यातला पहिला दिवस जाळी पूर्ण भरण्यात घालवला तर दुसरा पुरत नाही. आपलंच बंदर गाठण्याचा हट्ट धरू नका, जवळचं सुरक्षित बंदर गाठा. ओखीच्या वेळी केरळ-तमिळनाडूच्या अनेक बोटी देवगडला आसऱ्याला आल्या होत्या.

वारा कुठून? वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. वादळाचं केंद्र साधारण डाव्या हाताला. केंद्र दक्षिणेला असताना कोकण किनाऱ्यावर वारा पूर्वेचा, म्हणजे जमिनीवरून येतो आणि काठाजवळचं पाणी गुळगुळीत दिसतं. नवखा इथेच फसतो. केंद्र वर सरकून पश्चिमेला आलं की वारा दक्षिणेचा होतो आणि काही तासांत चित्र पालटतं.

लाटा मोजा. दोन लाटांमधलं अंतर सेकंदांत मोजा. चार ते सात सेकंद असेल तर इथल्याच वाऱ्याची लाट. बारा-पंधरा सेकंदांच्या लांबट, दमदार लाटा वारा नसताना येत असतील तर त्या दूरच्या वादळानं पाठवल्या आहेत. इशाऱ्यात ३ मीटर म्हटलेलं असतं तेव्हा ती मोठ्या लाटांची सरासरी असते. अधूनमधून एखादी जवळजवळ दुप्पट येते.

हवेचा दाब बघत असाल तर एक खोड लक्षात ठेवा. आपल्याकडे तो रोज सकाळी-रात्री दहाच्या सुमारास चढतो आणि पहाटे-दुपारी चारला उतरतो, ही तीन-चार हेक्टापास्कलची नेहमीची ये-जा आहे. म्हणून सकाळची दुपारशी तुलना नको. काल याच वेळी किती होता ते बघा. तीनपेक्षा जास्त उतरला असेल तर सावध. (डोंगरावर दाब मोजणारं यंत्र यासाठी निरुपयोगी. आठ-नऊ मीटर चढलात की एक हेक्टापास्कल आपोआप उतरतो.)

पंचांग. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण (सर्वांत मोठी भरती), अष्टमीच्या आसपास भांग (सर्वांत लहान भरती). ओखीच्या वेळी ३ डिसेंबर २०१७ ला पौर्णिमा होती आणि वादळ ४-५ तारखेला आपल्या समुद्रात. लाट आणि उधाण एकत्र आलं की पाणी नेहमीच्या रेषेच्या बरंच आत येतं. भरतीची ढोबळ वेळ काढायला कोकणातली जुनी रीत आहे, तिथीची पाऊणपट: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पक्की वेळ मात्र तक्त्यातूनच.

खाडीत शिरताना. बहुतेक खाड्यांच्या तोंडावर वाळूचा दांडा असतो. ओहोटीचं पाणी बाहेर आणि लाट आत, अशी टक्कर झाली की लाट उभी राहून फुटते, आणि होडी आडवी होते ती तिथेच. भरती चढत असताना, शक्यतो पूर्ण भरतीच्या आधीच्या तासात शिरा. वेळ चुकली तर बाहेर थांबणं बरं.

नांगर. दोराची लांबी पाण्याच्या खोलीच्या सातपट तरी, वादळात दहापट. खोली मोजायची ती भरतीची, आणि नाळीची (होडीच्या पुढच्या टोकाची) उंची धरून. ओहोटीला ३ मीटर, भरतीनं चढणारे ३, नाळ १ मीटर: एकूण ७, म्हणजे दोर किमान ४९ मीटर. नांगराकडच्या टोकाला साखळी असू द्या. दोर जिथे काठावर घासतो तिथे पोतं किंवा कापलेली रबरी नळी गुंडाळा. वादळात दोर ताणानं कमी तुटतो, घासून जास्त. जेट्टीला आखडून बांधलेली होडी भरती चढली की दोर तरी तोडते किंवा खुंट उपटते, तेव्हा ढील ठेवा आणि मध्ये टायर. होडीवर झोपून राखण करू नका.

## ६. किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी आणि पाहुण्यांसाठी

पत्रे आणि कौलांवर वाळूच्या पिशव्या, माडाच्या सुकलेल्या झावळ्या आणि नारळ आधीच उतरवलेले, दोन दिवसांचं पिण्याचं पाणी, चार्ज केलेले फोन. विहिरीचा पंप वीज जाण्याआधी चालवा. मळणी न झालेला भात उडवी रचून उंचावर झाका. पर्यटकांनी लाटा बघायला बंधाऱ्यावर जाऊ नये. लांब अंतराच्या लाटा दहा-बारा मिनिटं शांत राहून मग एकदम मोठ्या येतात.

वारा अचानक पूर्ण पडला तर वादळ संपलं असं समजू नका. केंद्र डोक्यावरून जात असेल, आणि पुढचा वारा उलट दिशेनं येईल.

## ७. वादळ गेल्यावर

इशारा मागे घेतला तरी लाट एक-दोन दिवस टिकते. आधी खाडीतून बाहेर बघा, मग जाळी चढवा. लोंबत्या तारांना हात लावू नका. नुकसानीचे फोटो साफसफाईच्या आधी काढा, तारीख-वेळ दिसेल असे, आणि पंचनाम्यासाठी तलाठ्याला लगेच कळवा.

इंजिन पाण्याखाली गेलं असेल तर, होडीचं असो वा गाडीचं, स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेल इंजिनाचे इंजेक्टर काढा, क्रँक हातानं फिरवून पाणी बाहेर येऊ द्या, खारं पाणी असेल तर गोड्या पाण्यानं धुवा, तेल आणि फिल्टर बदला, थोडा वेळ चालवून तेल पुन्हा एकदा बदला. हे पहिल्या दिवशीच करा. खाऱ्या पाण्यानं धरलेला गंज थांबत नाही.